निवड, मालकी आणि आवाज : स्नूप डॉगच्या ‘स्नूपिफाइड’ या गीतसंकलनाची समीक्षा

प्रस्तावना

एखाद्या कवीची ‘निवडक कविता’ किंवा एखाद्या गायकाची ‘सर्वोत्कृष्ट गीते’ हाती आली की वाचक किंवा श्रोता एक गोष्ट गृहीत धरतो. त्या कलावंताचे समग्र कार्य कोणीतरी समोर ठेवले, त्याचे तारतम्य लावले आणि त्यातील उत्तम ते वेगळे काढले, अशी त्याची समजूत असते. ‘निवड’ या शब्दातच मूल्यविवेक अभिप्रेत आहे. विंदा करंदीकरांच्या कवितेतून मंगेश पाडगावकरांनी ‘संहिता’ (१९७५) सिद्ध केली, तेव्हा एका कवीने दुसऱ्या कवीचे केलेले वाचन हेच त्या पुस्तकाचे खरे प्रयोजन होते. ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यवसायात मात्र निवडीच्या आधी आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे गाणी कोणाच्या ताब्यात आहेत हा. ज्या कंपनीकडे ज्या गाण्यांचे हक्क असतात, त्या गाण्यांपुरतीच तिची निवड पोहोचते. ‘सर्वोत्तम’ हा शब्द मात्र सर्व कारकिर्दीला उद्देशून वापरला जातो.

अमेरिकन रॅपर स्नूप डॉग याचे ‘स्नूपिफाइड’ हे संकलन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. प्रायॉरिटी आणि कॅपिटॉल या कंपन्यांच्या नावाने ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बेस्ट’ हा शब्द त्याच्या नावाशी जोडलेला आहे. प्रत्यक्षात त्याचा भर १९९८ ते २००२ या काळातील गाण्यांवर आहे. ज्या गाण्यांनी स्नूप डॉगला जगभर ओळख दिली ती १९९२-९३ मधील गाणी त्यात नाहीत, आणि ज्या गाण्याने त्याला २००४ च्या अखेरीस अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत प्रथमच अग्रस्थान मिळवून दिले तेही त्यात नाही. आरंभ आणि शिखर दोन्ही वगळून उरलेल्या मधल्या टप्प्याला येथे ‘सर्वोत्तम’ म्हटले गेले आहे.

‘सर्वोत्तम’ म्हणून हे संकलन अपुरे आहे, काही अंशी दिशाभूल करणारेही आहे. परंतु आपल्या मर्यादेमुळेच ते एका प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन जाते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. ज्या सांगीतिक घरात कलावंत घडला ते घर मोडल्यानंतर त्याच्यापाशी स्वतःचे असे काय उरते, हा तो प्रश्न होय. महाविद्यालयीन अध्यापनात बहुतेक कलावंत विद्यार्थ्यांसमोर समग्र कृतींतून येत नाहीत. ते निवडींतून येतात. म्हणून निवडीची सीमा कोणी आखली हे तपासणे केवळ संगीतापुरते महत्त्वाचे राहत नाही.

पार्श्वभूमी : घर आणि घर सुटणे

स्नूप डॉगचा जन्म २० ऑक्टोबर १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झाला. डॉ. ड्रे या संगीत-निर्मात्याच्या ‘द क्रॉनिक’ (१९९२) या अल्बममधून त्याचा आवाज प्रथम सर्वदूर पोहोचला. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याचा स्वतःचा ‘डॉगीस्टाइल’ हा अल्बम आला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ८ लाख प्रती खपल्या आणि ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या अल्बमयादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. दोन्ही अल्बम लॉस एंजेलिसच्या ‘डेथ रो’ या कंपनीचे होते आणि दोहोंचे संगीत ड्रेचे होते.

या संगीताला ‘जी-फंक’ असे नाव आहे. १९७० च्या दशकातील फंक संगीताचा, विशेषतः जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या वाद्यवृंदाच्या संगीताचा, त्यास आधार होता. संथ लय, खोल बेस आणि वर सिंथेसायझरची शिट्टीसारखी बारीक, लांबणारी स्वररेषा ही त्याची लक्षणे होत. स्नूपचे उच्चारण या संगीताला जणू मापून घेतल्यासारखे बसले. तत्पूर्वीच्या रॅपमध्ये आवाज चढवणे आणि शब्दांवर आघात करणे हा प्रघात प्रबळ होता. स्नूप आवाज खाली ठेवतो, व्यंजने सैल सोडतो, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो आणि ओळीच्या शेवटी बोलण्याचे अर्धे गाणे करून टाकतो. आशय हिंसेचा असला तरी सूर निवांत असतो. या विसंगतीतच त्याच्या शैलीचे आकर्षण आणि तिचा नैतिक पेच दोन्ही सामावलेले आहेत.

हे घर १९९६ मध्ये मोडले. त्या वर्षी फेब्रुवारीत खुनाच्या एका खटल्यातून स्नूपची निर्दोष मुक्तता झाली. त्याच वर्षी ड्रेने डेथ रो सोडली. सप्टेंबरमध्ये त्याच कंपनीचा रॅपर टुपॅक शकूर लास व्हेगास येथे झालेल्या गोळीबारानंतर मरण पावला. नोव्हेंबरमध्ये स्नूपचा दुसरा अल्बम ‘द डॉगफादर’ ड्रेच्या संगीताविना प्रसिद्ध झाला. १९९७ च्या आरंभी कंपनीचा प्रमुख शूग नाइट याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. १९९८ मध्ये स्नूप न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पी या रॅपर-उद्योजकाच्या ‘नो लिमिट’ या कंपनीत दाखल झाला. या स्थलांतराबरोबर नावही बदलले. तोपर्यंतचा ‘स्नूप डॉगी डॉग’ आता केवळ ‘स्नूप डॉग’ झाला. ‘स्नूपिफाइड’चा काळ येथून सुरू होतो.

संकलनाची चौकट

या काळात चार अल्बम येतात. ‘द गेम इज टु बी सोल्ड, नॉट टु बी टोल्ड’ (१९९८), ‘नो लिमिट टॉप डॉग’ (१९९९) आणि ‘द लास्ट मील’ (२०००) हे तीन नो लिमिटचे. ‘पेड द कॉस्ट टु बी द बॉस’ (२००२) हा स्नूपने नो लिमिट सोडल्यानंतरचा. प्रायॉरिटी या कंपनीचे नाव मात्र चारही अल्बमांवर आहे. म्हणजे ‘स्नूपिफाइड’चा काळ एखाद्या शैलीच्या उदयास्ताने ठरलेला नाही. तो एका कंपनीच्या संग्रहातील नोंदीने ठरलेला आहे.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. डेथ रोने २००१ मध्ये ‘डेथ रोज स्नूप डॉगी डॉग ॲट हिज बेस्ट’ या नावाने स्वतःचे संकलन काढले होते. एकाच कलावंताची दोन ‘सर्वोत्तम’ संकलने पाच वर्षांच्या आत बाजारात आली. एकावर त्याचे जुने नाव होते, दुसऱ्यावर नवे. दोहोंत ज्याचा समावेश होऊ शकला नाही असे ‘ड्रॉप इट लाइक इट्स हॉट’ (२००४) हे तिसऱ्याच कंपनीकडे होते. ‘स्नूपिफाइड’ प्रसिद्ध झाले ते या गाण्याच्या यशानंतरच्या वर्षी. नव्या यशामुळे जाग्या झालेल्या कुतूहलाचा लाभ जुन्या संग्रहाला मिळावा, हा व्यवसायाचा सरळ हिशेब त्यामागे असावा असे अनुमान करता येते.

या चौकटीचा परिणाम केवळ आरंभ आणि शिखर वगळण्यापुरता मर्यादित नाही. खुद्द १९९८-२००२ या काळाचे चित्रही त्यामुळे अपुरे राहते. डॉ. ड्रेच्या ‘२००१’ या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्बममधील ‘स्टिल डी. आर. ई.’ आणि ‘द नेक्स्ट एपिसोड’ ही या वर्षांतील स्नूपची बहुधा सर्वाधिक परिचित कामगिरी होय. परंतु अल्बम ड्रेचा आणि कंपनी वेगळी, म्हणून ती गाणी या निवडीच्या कक्षेबाहेर राहतात. केवळ या संकलनावरून मत बनवणाऱ्या अभ्यासकाला, या वर्षांत स्नूपचे पुनरुज्जीवन मुख्यतः कोणत्या भागीदारीतून झाले याचा अर्धाच पत्ता लागेल.

शीर्षकांतील भूतकाळ

संकलनातील प्रमुख गाणी प्रकाशनवर्षांच्या क्रमाने ऐकली तर एक प्रवास स्पष्ट दिसतो. १९९८ च्या अल्बममधील ‘स्टिल अ जी थँग’ हे त्यातील आरंभीचे गाणे. त्याचे शीर्षक ‘द क्रॉनिक’मधील प्रसिद्ध गाण्याची आठवण करून देते आणि त्याआधी ‘अजूनही’ या अर्थाचा शब्द जोडते. हा शब्द महत्त्वाचा आहे. घर बदलले, कंपनी बदलली, निर्माता बदलला. तरी माणूस तोच आहे, अशी ग्वाही श्रोत्याला देण्याची गरज त्यातून व्यक्त होते. मीच वेल्सने रचलेले संगीतही न्यू ऑर्लिन्सच्या उसळत्या ठेक्याकडे न जाता कॅलिफोर्नियाच्या सैल, मऊ लयीलाच धरून राहते. नव्या घरात राहायला आलेल्या माणसाने जुन्या घराचेच पडदे लावावेत, तसा हा प्रकार आहे.

ही प्रवृत्ती एकट्या गाण्यापुरती नाही. त्याच अल्बममध्ये ‘जिन अँड ज्यूस’ या १९९३ च्या गाण्याचा ‘दुसरा भाग’ आहे. २००० च्या ‘द लास्ट मील’मध्ये ‘व्हॉट्स माय नेम’ या आणखी एका जुन्या गाण्याचा ‘दुसरा भाग’ येतो, आणि तो ‘स्नूपिफाइड’मध्ये समाविष्ट आहे. कारकिर्दीच्या मध्यावर आलेल्या कलावंताची ही ओळखीची अडचण होय. त्याची कीर्ती ज्या कृतींवर उभी असते त्या मागे राहिलेल्या असतात. त्यांचा उल्लेख केला तर पुनरावृत्तीचा दोष येतो आणि न केला तर श्रोता दुरावण्याची भीती असते. १९९८ मध्ये स्नूप अवघा २६ वर्षांचा होता. तथापि रॅपच्या वेगवान जगात पहिला अल्बम पाच वर्षांपूर्वीचा असणे म्हणजे जुन्या पिढीत जमा होणेच होते.

या दोन ‘पुनर्भेटीं’त मात्र फरक आहे. ‘व्हॉट्स माय नेम’चा दुसरा भाग टिंबालँड या व्हर्जिनियाच्या निर्मात्याने रचला. त्यात जी-फंकची लांब स्वररेषा नाही. तुटक, अडखळत पुढे जाणारा ठेका आणि मधल्या रिकाम्या जागा हे त्याचे स्वरूप आहे. शीर्षक मागे पाहते, संगीत मात्र मागे पाहत नाही. ‘अजूनही तोच’ असे सांगणारा कलावंत आता ‘नाव तेच, चाल नवी’ असे म्हणू लागला आहे. दोन वर्षांतील हा बदल संकलनात शेजारी ऐकताना जितका जाणवतो तितका स्वतंत्र अल्बम ऐकताना जाणवत नाही, हे या संकलनाचे श्रेय मान्य करावे लागेल.

२००२ च्या अल्बममधील ‘फ्रॉम द चर्च टु द पॅलेस’ आणि ‘ब्यूटिफुल’ या दोन गाण्यांत हा प्रवास पूर्ण होतो. दोन्ही गाण्यांचे संगीत फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो या ‘नेपच्यून्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडीचे आहे. ‘ब्यूटिफुल’मध्ये हलकी तालवाद्ये, फॅरेलच्या उंच पट्टीतील ध्रुवपद आणि गॅप बँडचा ज्येष्ठ गायक चार्ली विल्सन याचा मुरलेला आवाज एकत्र येतात. रिओ दि जानेरोत चित्रित झालेल्या दृश्यफितीसह हे गाणे २००३ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या गीतयादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. या शीर्षकाला कोणत्याही जुन्या गाण्याचा टेकू नाही. ‘अजूनही’ नाही, ‘भाग दुसरा’ नाही. आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याची निकड येथे संपलेली आहे. पुढे २००४ मध्ये ज्या गाण्याने त्याला अग्रस्थान दिले ते याच जोडीचे होते, ही बाब लक्षात घेतली तर ‘स्नूपिफाइड’ हे त्या शिखराकडे जाणाऱ्या वाटेचे चित्र ठरते. फक्त वाट जेथे पोहोचते ते ठिकाण चित्राबाहेर आहे.

आवाज आणि त्याचे सोबती

वरील विवेचनावरून हा प्रवास निर्मात्यांचा होता, गायक केवळ पाहुणा होता, असा निष्कर्ष निघू शकेल. संकलन काळजीपूर्वक ऐकले तर तो टिकत नाही. वेल्स, ड्रे, टिंबालँड, नेपच्यून्स यांच्या रचनांमध्ये साम्य थोडे आहे. त्यांना एका संग्रहात एकत्र धरून ठेवतो तो आवाज. संगीत भरगच्च असो की विरळ, स्नूप आपली गती बदलत नाही. ठेक्याला आपल्यापर्यंत येऊ देतो. टिंबालँडच्या तुटक रचनेत हे विशेष स्पष्ट होते. ठेका अडखळतो, आवाज अडखळत नाही. १९९३ मध्ये जी-फंकच्या संथपणामुळे हा आवाज निवांत वाटतो असे मानण्यास जागा होती. निवांतपणा त्या संगीताचा नव्हता, त्या आवाजाचाच होता, हे मधल्या काळातील गाणी सिद्ध करतात. हा पुरावा डेथ रोच्या ‘सर्वोत्तम’ संकलनातून मिळू शकत नाही, कारण तेथे आवाज आणि संगीत एकाच मुशीतले आहेत. मूळ परिसर काढून घेतल्यावरच कोणता गुण परिसराचा आणि कोणता कलावंताचा हे वेगळे करता येते.

या आवाजाची ही स्वतंत्रता पुढे व्यापारी दृष्ट्याही उपयोगी ठरली. तो कोणत्याही संगीतावर ठेवता येऊ लागला. अनेक भारतीय श्रोत्यांना तो २००८ मध्ये ‘सिंग इज किंग’ या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकगीतातून भेटला. लाँग बीच, डेथ रो किंवा जी-फंक यांची काहीही माहिती नसताना तो आवाज ओळखता येत होता. कलावंताचे स्वत्व परिसरापासून सुटे होणे ही त्याची शक्ती आहे. त्याचबरोबर त्याचे बोधचिन्हात रूपांतर होण्याची ती सुरुवातही आहे. या संकलनाच्या काळात या दोन्ही शक्यता एकत्र नांदताना दिसतात.

आवाजाइतकेच सोबत्यांकडेही लक्ष द्यावयास हवे. १९९९ च्या ‘बिच प्लीज’ या गाण्यात ड्रे सहा वर्षांच्या खंडानंतर स्नूपच्या अल्बममध्ये निर्माता म्हणून परततो. एक्झिबिटच्या खरखरीत उच्चारणाशेजारी नेट डॉगचे गंभीर, भजनासारखे स्थिर ध्रुवपद येते. नेट डॉग लाँग बीचचाच. स्नूप, नेट डॉग आणि वॉरन जी यांनी प्रसिद्धीपूर्वीच्या काळात ‘२१३’ या नावाचा गट तेथे चालवला होता. ‘द लास्ट मील’मधील ‘ले लो’ या ड्रेच्याच रचनेतही नेट डॉग आहे, आणि त्याच गाण्यात मास्टर पीदेखील आहे. म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा मालक, लॉस एंजेलिसचा जुना गुरू आणि लाँग बीचचा बालमित्र एका गाण्यात एकत्र येतात. कंपन्यांचे करार कलावंतांना विभागत असताना गाण्याच्या आत मात्र जुने शेजारसंबंध पुन्हा जुळत होते. मालकीच्या नकाशापेक्षा हा मैत्रीचा नकाशा या काळातील स्नूप डॉगबद्दल अधिक सांगतो. नेट डॉग २०११ मध्ये मरण पावला. आज ही गाणी ऐकताना त्यांना स्मरणचिन्हाचेही मूल्य आले आहे.

संकलन काय झाकते

निवडीत दोष वगळले जाणे स्वाभाविक आहे. परंतु दोष वगळल्याने काळाचे चित्रच पालटत असेल तर समीक्षेने त्याची नोंद घ्यावयास हवी. १९९८ च्या अल्बममध्ये २१ तुकडे होते. त्या वर्षांत नो लिमिट अतिशय वेगाने अल्बम काढत होती. ‘बीट्स बाय द पाउंड’ या अंतर्गत निर्मातागटाकडून संगीताचा सतत पुरवठा होई आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात कंपनीतील इतर रॅपरांची हजेरी असे. या पद्धतीत स्नूपचा आवाज पुष्कळदा गर्दीत हरवला. अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर दाखल झाला खरा, पण पुढच्या काळात त्यातील थोडीच गाणी श्रोत्यांच्या स्मरणात राहिली. ‘स्नूपिफाइड’ त्यातून जे उचलते ते ऐकून हा टप्पा सुरळीत पार पडला असे वाटते. वास्तविक पुढील अल्बममध्ये ड्रे आणि डीजे क्विक यांच्यासारख्या कॅलिफोर्नियाच्या निर्मात्यांकडे परतण्याची गरज का पडली, हे त्या अपयशाखेरीज समजत नाही. चुकीची वाट वगळली की वळणाचे कारणही नाहीसे होते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. संकलनातील एका प्रमुख गाण्याच्या शीर्षकातच स्त्रीसाठी अपमानकारक संबोधन आहे, आणि तो अपवाद नाही. गँगस्टा रॅपमधील हिंसा व स्त्रीद्वेष यांविरुद्ध सी. डिलोरेस टकर यांनी १९९० च्या दशकात मोहीम चालवली. १९९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समित्यांपुढे या विषयावर सुनावण्याही झाल्या. त्याच वर्षी बेल हुक्स यांनी वेगळी भूमिका मांडली. या गाण्यांतील स्त्रीद्वेषाचे त्यांनी समर्थन केले नाही. मात्र तो केवळ कृष्णवर्णीय तरुणांचा दोष मानणे त्यांनी नाकारले आणि पुरुषसत्ताक, नफाकेंद्री मुख्य प्रवाहाच्या मूल्यांशी त्याचा संबंध जोडला. ही भूमिका प्रस्तुत संकलनाला नेमकी लागू पडते. येथे निवड करणारी यंत्रणा व्यावसायिक आहे, आणि तिच्या लेखी हे शीर्षक ‘सर्वोत्तम’ या सदरात बसते.

‘ही रस्त्यावरची बोली आहे’ एवढ्या स्पष्टीकरणाने हा प्रश्न मिटत नाही. बोलीतील शब्द आणि त्या शब्दाभोवती उभारलेली विक्री या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘ब्यूटिफुल’मध्ये स्वर सौम्य होतो, शिवीची जागा स्तुती घेते, पण स्त्री तेथेही पाहिली जाणारीच राहते, बोलणारी होत नाही. यात बदल आहे, तो शिष्टाचाराचा आहे. दृष्टीचा आहे असे म्हणणे कठीण आहे. निवांत सुराचा जो गुण वर वर्णिला, तोच येथे अडचणीचा ठरतो. कर्कश आवाजातील अपमान श्रोत्याला सावध करतो. मधुर, आळसावलेल्या आवाजातील अपमान सहज अंगवळणी पडतो. शैलीचे यश आणि आशयाचे अपयश परस्परांपासून अलग करता येत नाहीत, हे या संकलनाच्या कोणत्याही प्रामाणिक मूल्यमापनाला स्वीकारावे लागेल.

मालकीचे उत्तरपर्व

‘स्नूपिफाइड’सारख्या तबकडीरूप संकलनांचे महत्त्व आता ओसरले आहे. इंटरनेटवरील श्रवणसेवांवर वेगवेगळ्या कंपन्यांची गाणी एकाच यादीत दिसतात. २००५ चा श्रोता तीन कंपन्यांची तीन संकलने विकत घेऊन जे चित्र जोडू शकला असता, ते आज एका स्पर्शाने समोर येते. यावरून मालकीची सीमा पुसली गेली असे वाटण्याचा संभव आहे. स्नूप डॉगचेच पुढील उदाहरण हा भ्रम दूर करते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने डेथ रोचे नाव व बोधचिन्ह स्वतःकडे घेतले. ज्या घरातून तो २६ व्या वर्षी बाहेर पडला होता, त्याच घराचा तो पन्नाशीत मालक झाला. त्यानंतर डेथ रोचे अनेक जुने अल्बम, ‘डॉगीस्टाइल’सह, काही काळ श्रवणसेवांवरून काढून घेण्यात आले आणि २०२३ मध्ये ते परतले. त्या अवधीत नव्या श्रोत्याला या सेवांवर स्नूप डॉगचा जो परिचय घडला असेल, त्यात १९९३ चा मूळ आवाज नव्हता आणि मधल्या काळातील गाणी होती. जवळजवळ २००५ च्या संकलनाचीच चौकट पुन्हा उभी राहिली होती.

फरक इतकाच की, पूर्वी गाणे उपलब्ध न होण्याचे कारण कंपनी होती, आता कलावंत स्वतः होता. मालकी कलावंताकडे येणे हे न्यायाचे आहे, विशेषतः कृष्णवर्णीय संगीतकारांना आपल्या ध्वनिमुद्रणांच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याचा अमेरिकन संगीतव्यवसायाचा दीर्घ इतिहास पाहता. परंतु मालक कोण हे बदलले तरी श्रोत्यापर्यंत काय पोहोचेल हे मालकीच ठरवते, ही वस्तुस्थिती बदलत नाही. तिच्याकडे डोळेझाक करून केलेले मूल्यमापन हक्कांच्या विभागणीलाच कलेचा इतिहास समजून बसते.

समारोप

‘स्नूपिफाइड’ हे स्नूप डॉगचे सर्वोत्तम नव्हे. ते त्याच्या कारकिर्दीतील एका टप्प्याचे, एका कंपनीच्या दारातून दिसणारे दृश्य आहे. त्यात उगम नाही, शिखर नाही, त्या वर्षांतील ड्रेच्या अल्बममधील मोठी गाणी नाहीत आणि फसलेल्या प्रयोगांचा मागमूसही नाही. ‘सर्वोत्तम’ हा शब्द वाचून जो श्रोता त्याकडे वळेल त्याची अपेक्षा अर्धीच पूर्ण होईल.

तरीही त्याचे मूल्य शून्य ठरत नाही. आरंभीचे तेज आणि नंतरचे यश बाजूला गेल्याने, एरवी दोहोंच्या सावलीत राहणारी पाच वर्षे स्वतंत्रपणे ऐकता येतात. ‘अजूनही’ या शब्दापासून ‘ब्यूटिफुल’पर्यंतचा प्रवास, म्हणजे ओळख पटवून देण्याच्या धडपडीपासून ओळख गृहीत धरण्याच्या सहजतेपर्यंतचा प्रवास, त्यात स्पष्ट उमटतो. आवाज संगीतापासून वेगळा करून तपासण्याची संधीही त्यातून मिळते. या गोष्टी संकलनकर्त्या व्यवसायाने हेतुपूर्वक दाखवलेल्या नाहीत. त्या हक्कांच्या सीमारेषेमुळे योगायोगाने दिसल्या आहेत, आणि त्यांना अर्थ देण्याचे काम व्यवसायाचे नसून समीक्षेचे आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूत्र हाती येते. कोणतीही निवड, मग ती गीतांची असो, कवितांची असो वा कथांची, वर्गात नेण्यापूर्वी तिला दोन प्रश्न विचारले जावेत : यात जे आहे ते का आहे, आणि यात जे नाही ते कोणामुळे नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा प्रस्तावनेत मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते. ते शोधल्याखेरीज निवडीला कलावंताचे प्रतिनिधित्व बहाल करणे योग्य ठरणार नाही.